ट्रेलर वाटता येतो, गाळा येत नाही

उरणजवळचं न्हावा-शेव्याचं बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. त्या सुमारास ज्याने पंचविशीत जमिनीच्या मोबदल्यातून पहिला टेम्पो किंवा डंपर घेतला, तो आज साठीच्या पुढे आहे. बोकडवीरा, भेंडखळ, नवघर, पागोटे, फुंडे, डोंगरी या गावांभोवती सिडकोने द्रोणागिरी नावाचा नोड आखला. तिथल्या घरगुती धंद्यांचं वय या एका तारखेवरून मोजता येतं. ट्रेलरचा ताफा, रेती-खडीचा पुरवठा, भाड्याच्या क्रेन, टायरचं दुकान, खानावळ, मंडप-डेकोरेशन, भाड्याच्या खोल्या. यातले कितीतरी धंदे एकाच माणसाने उभे केले आणि ते अजून त्याच्याच नावावर आहेत. बापाच्या हातून मुलांच्या हाती किल्ल्या जाण्याची वेळ इथे गावोगाव एकाच दशकात आली आहे. महाराष्ट्रात घरचा लहान धंदा कशाने टिकतो आणि कशाने बसतो, हे तपासायला याहून योग्य जागा शोधावी लागणार नाही.

तुलनेसाठी लांब जायचीही गरज नाही. शेजारच्या पनवेलमध्ये ‘श्री धूतपापेश्वर’ हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना आहे. पुराणिक वैद्यांनी तो १८७२ मध्ये सुरू केला आणि दीडशे वर्षं उलटूनही घराण्याचं नातं सुटलेलं नाही. पण तो धंदा विद्येवर उभा राहिला. द्रोणागिरीतला धंदा उभा राहिला जमीन गेल्यामुळे, आणि हा फरक शेवटपर्यंत पुरतो.

उरणला व्यापार नवा होता असं मात्र समजू नये. एकोणिसाव्या शतकात मोहाच्या दारूच्या भट्ट्यांसाठी उरणचं नाव मुंबईभर होतं. त्या बऱ्याचशा पारशी मालकांच्या होत्या. मिठागरं होती, खाडीलगतची भातशेती होती, मोरा आणि करंजाची मासेमारी होती. भट्ट्या गेल्या, मिठागरं आणि शेती भरावाखाली गेली. १९७० मध्ये सिडको आली, त्या दशकात तेल आणि वायूचे प्रकल्प आले, मग बंदर आलं. आगरी-कोळी घरांनी मधल्या काळात जे धंदे धरले ते बंदराच्या पाठीवर बसून. त्यामुळे आज प्रश्न दोन आहेत. बंदराचा कल बदलला तर काय, आणि बाप गेला तर काय. लोक पहिल्याची चिंता करतात. धंदे बुडतात ते जास्त करून दुसऱ्याने.

सत्काराच्या भाषणांत टिकाऊ धंद्याचं श्रेय कष्टाला, सचोटीला आणि भावांच्या एकीला दिलं जातं. पहिल्या दोन गोष्टींबद्दल वाद नाही, त्यांच्याशिवाय पाच वर्षंही निघत नाहीत. एकीबद्दल मात्र मला शंका आहे. जी उदाहरणं हाताशी आहेत ती नीट पाहिली तर क्रम उलटा दिसतो. वेगळं व्हायची वाट ज्यांनी आधी आखून ठेवली, त्यांच्यात एकी राहिली. ज्यांनी एकीवर भिस्त ठेवली, त्यांचं वाटणीच्या दिवशी दुकानच अर्ध्यात कापलं गेलं.

या विषयावरच्या प्रत्येक चर्चासत्रात एक आकडा हमखास ऐकू येतो. शंभरातले तीस धंदे दुसऱ्या पिढीत जातात, तेरा तिसऱ्या, आणि त्यापुढे तीन. हा आकडा जॉन वॉर्ड या अमेरिकी अभ्यासकाच्या १९८७ मधल्या पुस्तकातून आला. त्यांनी इलिनॉय राज्यातले दोनशे कारखाने घेतले आणि १९२४ ते १९८४ अशी साठ वर्षं त्यांचा माग काढला. साठ वर्षांनी तेरा टक्के त्याच घराण्याकडे होते. एवढ्या एका अभ्यासावर जगभरच्या सल्लागारांनी आपली दुकानं थाटली. पण त्यात एकच राज्य आहे, फक्त कारखानेच आहेत, मध्ये महामंदी आणि महायुद्ध येऊन गेलं आहे. शिवाय ज्यांनी कारखाना चांगल्या भावाने विकला किंवा शेअर बाजारात नेला, तेही घराण्याच्या हातून गेलेल्यांतच धरले आहेत. घराण्याबाहेरच्या मालकांचे किती कारखाने साठ वर्षं टिकले, याची तुलना केली तर तेरा टक्के हा आकडा इतका भेसूर वाटायचं कारण नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. दांडेकरांनी १९३१ मध्ये सुरू केलेल्या ‘कॅमल’च्या शाईतून ‘कॅम्लिन’ उभी राहिली. २०११ मध्ये तिचा मोठा हिस्सा जपानच्या ‘कोकुयो’ने घेतला. हा धंदा बुडाला म्हणायचं का? पोरांच्या दप्तरात कंपासपेटी आहेच. धंदा टिकणं, घराची मालकी टिकणं आणि घर टिकणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कधीकधी यातली एक वाचवायला दुसरी सोडावी लागते. हार्वर्डमधल्या टागियुरी आणि डेव्हिस यांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी हीच गोष्ट तीन एकमेकांत अडकलेल्या वर्तुळांनी मांडली. घर, मालकी आणि कामकाज. कोणी तिन्हीत असतो, कोणी एकातच. भांडण होतं ते कोण कुठल्या वर्तुळातून बोलतोय हे न कळल्यामुळे. व्यवस्थापन शाळांत ही आकृती अजून पहिल्या तासाला फळ्यावर निघते.

करंजाच्या कोळ्याला ती आकृती नवी वाटणार नाही. बोट धक्क्याला लागली, मासळी विकली गेली, की आधी खर्च वळता होतो: डिझेल, बर्फ, आठ-दहा दिवसांचं राशन. उरलेल्या रकमेचे वाटे पडतात. बोटीचा वाटा वेगळा, जाळ्यांचा वेगळा, तांडेलाचा, म्हणजे बोटीवरच्या म्होरक्याचा वेगळा, प्रत्येक खलाशाचा वेगळा. प्रमाण बोटीगणिक आणि मासेमारीच्या प्रकारागणिक बदलतं. हल्ली खलाशी बाहेरगावचे आणि ठरल्या पगारावरचेही असतात. पण जुन्या रिवाजातला विचार पाहण्यासारखा आहे. मालकाचा मुलगा दर्यात गेला तर त्याला खलाशाचा वाटा मिळतो, कारण त्याने जाळं ओढलं. तो घरी झोपून राहिला तर बोटीचा वाटा घराला येईलच, पण त्याच्या हाताचा वाटा येणार नाही. मालकीचे पैसे वेगळे आणि घामाचे वेगळे. त्यातही मासळी विकायला बसते ती बाई. भाव तीच करते आणि पैसा आधी तिच्या हातात येतो.

आता हाच हिशेब हायवेलगतच्या एखाद्या हार्डवेअरच्या दुकानाला लावून पाहा. एक भाऊ सकाळी आठ ते रात्री नऊ गल्ल्यावर. दुसरा कंपनीत नोकरीला, रविवारी येऊन खतावणी चाळणारा. तिसरा निवडणुकीच्या मागे. तिघांची मालकी सारखी. लागतील तसे पैसे गल्ल्यातून तिघेही उचलतात आणि त्याला ‘घरखर्च’ म्हणतात. जो दुकानात बसतो त्याला पगार नाही, आणि ज्याला हिस्सा आहे त्याला हिशेब नाही. बाप आहे तोवर हे चालतं, कारण बापाला विचारायची कोणाची छाती नसते. बाप गेल्यावर पहिल्या दिवाळीला बसणारा म्हणतो, मी राबलो. न बसणारा म्हणतो, तू खाल्लंस. दोघेही आपल्या परीने खरं बोलत असतात. लहान धंद्याला टिकवणारा सगळ्यात स्वस्त उपाय कोणता म्हणाल तर हाच: दुकानात बसणाऱ्याला, मग तो मालक असो की मालकाचा मुलगा, महिन्याला ठरलेला पगार, आणि घरखर्चाचं खातं वेगळं. याला वकील लागत नाही, सीए लागत नाही. तरी फार थोडी घरं हे करतात, कारण पगार घेणं म्हणजे नोकर होणं, असं मनात बसलेलं असतं.

द्रोणागिरीत याच्यावर जमिनीचा थर आहे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई-दास्तान परिसरात संपादनात गेलेल्या जमिनींसाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. गावात ‘साडेबारा टक्के’ एवढंच म्हणतात, पुढचं सांगावं लागत नाही. आता कागद-पेन्सिल घेऊन बसू. समजा, एका घराची एक एकर जमीन गेली. एकराचे चाळीस गुंठे, त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. त्यातले तीस टक्के रस्ते आणि सार्वजनिक सोयींसाठी कापले जातात. हाती साडेतीन गुंठे, म्हणजे साधारण ३५४ चौरस मीटर. दीडच्या चटईक्षेत्र निर्देशांकाने बांधकाम होईल ५३१ चौरस मीटर. त्यात दुकानांसाठी पंधरा टक्के, म्हणजे ८० चौरस मीटर, साडेआठशे चौरस फूट. तीन बऱ्यापैकी गाळे. घराकडे बांधायला पैसे नाहीत, म्हणून बिल्डरला अर्ध्यावर दिलं. उरला दीड गाळा. सातबाऱ्यावर नावं पाच भाऊ, दोन बहिणी आणि आई.

दीड गाळ्यात आठ वारस बसत नाहीत. ट्रेलरचं तसं नसतं. चार ट्रेलर असले तर चौघांना एकेक देता येतो, पाचव्याला रोख रक्कम, आणि पुढे ज्याने त्याने आपापला हप्ता आणि ड्रायव्हर सांभाळावा. म्हणून वाहतुकीचा धंदा फुटतो, पण मरत नाही. एकाचे चार होतात, त्यातले दोन वाढतात. गाळा, भूखंड, दुकानाचं नाव आणि ठरलेलं गिऱ्हाईक या न कापता येणाऱ्या गोष्टी. घरगुती धंद्याची अर्धीअधिक भांडणं न कापता येणारी गोष्ट कापायला घेतल्याने होतात. उपाय जुनाच आहे. गाळा एकाच्या ताब्यात, बाकीच्यांना ठरलेलं भाडं, आणि कोणाला बाहेर पडायचं असेल तर किंमत कशी काढायची, पैसे किती हप्त्यांत द्यायचे, हे आधी लिहिलेलं. किंमत किती हे लिहायची गरज नाही. ती कशी काढायची एवढं ठरलं तरी पुष्कळ. भाव चढल्यावर ही गोष्ट ठरवायला बसलात तर मात्र बैठक घरात होत नाही, कोर्टात होते.

धंद्याची वाढ कशाने थांबते याचा जरा वेगळा पुरावा आहे, आणि तोही आपल्या जवळचा. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगाव इथल्या १७ कापड कंपन्यांच्या २८ कारखान्यांवर एक प्रयोग केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. या सगळ्या कंपन्या घराण्यांच्या मालकीच्या. काही कारखान्यांना सल्लागार फुकट दिले आणि साध्या गोष्टी लावून दिल्या: सुताचा साठा मोजणं, यंत्रं बंद पडल्याची नोंद, मालाच्या दोषांची रोजची यादी. पहिल्याच वर्षी उत्पादकता सतरा टक्क्यांनी वाढली. पण मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. कंपनी किती मोठी होईल हे तिच्या कामगिरीपेक्षा घरात पुरुष किती आहेत यावर ठरत होतं. दोन भाऊ तर दोन कारखाने, चार तर चार. बाहेरच्या मॅनेजरवर विश्वास नाही, तो चोरी करील ही भीती, म्हणून प्रत्येक कारखान्यावर घरचा माणूस हवा. काही वर्षांनी तेच संशोधक परत गेले, तेव्हा लावून दिलेल्या पद्धतींपैकी जवळजवळ निम्म्या गळून पडल्या होत्या.

उरण-पनवेलच्या ट्रेलरमालकाला हे वाचून हसू येईल. डिझेलची चोरी, टायरची अदलाबदल, रस्त्यातल्या भत्त्याचा हिशेब, सगळं त्याने भोगलेलं असतं. मग मुलाने इंजिनिअरिंग केलं तरी त्याला यार्डात बसवतात. जीपीएस आणि डिझेल कार्डाने हल्ली निम्मी राखण मोबाइलवर होते. उरलेल्या निम्म्यासाठी जुना, भरवशाचा मुकादम लागतो. अशा माणसाला नफ्यात थोडा तरी भाग देणारे मालक मोजकेच. अविश्वास माणसाला फसवणुकीपासून वाचवतो हे खरं. पण घरातले पुरुष संपले की धंद्याची वाढही संपते.

आणि घरातला पुरुष असला म्हणून तो लायक असतोच असं नाही. डेन्मार्कमधल्या कंपन्यांचा एक अभ्यास २००७ मध्ये आला. पहिलं अपत्य मुलगा असलेल्या मालकाच्या कंपनीची सूत्रं घरातच जाण्याची शक्यता जास्त असते. त्या योगायोगाचा आधार घेऊन संशोधकांनी मोजलं की गादी घरात दिल्यावर मालमत्तेवरच्या नफ्याचं प्रमाण किमान चार टक्के अंकांनी घसरतं. जपानने यावर वेगळीच वाट काढली होती. तिथे कर्तबगार प्रौढ माणसाला, पुष्कळदा जावयाला, रीतसर दत्तक घेऊन घराचं आडनाव देतात. २०१३ च्या एका अभ्यासात अशा दत्तक वारसांनी चालवलेल्या कंपन्या पोटच्या वारसांच्या कंपन्यांपेक्षा सरस निघाल्या. आपल्याकडे दत्तक गादीसाठी घेतले गेले, गल्ल्यासाठी फारसे नाहीत. शिवाय १९५६ च्या कायद्याने, रूढी असल्याखेरीज, पंधरा वर्षांपुढच्याला दत्तक घेता येत नाही. पण भाचा, जावई किंवा वीस वर्षं राबलेला मुकादम यांना भागीदार करायला कोणताही कायदा आडवा येत नाही. आडवा येतो तो गावातला टोमणा.

जपानचीच दुसरी गोष्ट द्रोणागिरीने भिंतीवर लावून ठेवावी. ओसाकाची ‘कोंगो गुमी’ ही देवळं बांधणारी कंपनी इसवी सन ५७८ पासून चालत आली. मुलगे नसले तर जावयांनी चालवली, चाळीस पिढ्या. लढाया आल्या, साम्राज्यं गेली, देऊळ बांधणारे सुतार टिकले. १९८० च्या दशकात जमिनीचे भाव आभाळाला भिडले तेव्हा कंपनीने कर्ज काढून जमिनीत पैसा घातला. फुगा फुटला आणि २००६ मध्ये तिला दुसऱ्या बांधकाम कंपनीच्या पंखाखाली जावं लागलं. सुतारकामात कधी खोट आली नव्हती.

१२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल एकाच दिवशी सुरू झाली. द्रोणागिरीला स्वतःचं स्टेशन मिळालं. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. जमिनीचा भाव चढला की मुलगा विचारतो: बाबा, ट्रेलरमध्ये महिनाभर झोप उडवून जे मिळतं, ते तर भूखंड नुसता राखून वर्षात सुटतं, मग हा खटाटोप कशाला? प्रश्न अडाणी नाही. स्वतःच्या जागेतलं दुकान भाड्याच्या दुकानापेक्षा वाईट दिवस जास्त झेलतं, हे कोणत्याही बाजारपेठेत दिसतं. जागा पाठीशी असणं ही ताकदच आहे. बिघडतं ते त्या जागेवर कर्ज काढून दुसरी जागा घेतली की. धंद्यातली खेळती रोकड त्यात अडकते, टायर बदलायचे राहतात, ड्रायव्हर सोडून जातो, आणि चांगला चाललेला धंदा बसतो. लोक म्हणतात, वाहतुकीत आता राम राहिला नाही.

महाराष्ट्रातल्या नावाजलेल्या घराण्यांकडे आता थोडं पाहू, कारण लहान धंद्यांतले वाद बाहेर येत नाहीत, मोठ्यांचे येतात. चितळ्यांची सुरुवात १९३९ ची, सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीची. भास्कर गणेश चितळ्यांच्या चार मुलांपैकी दोघे भिलवडीत दुधाकडे राहिले, दोघांनी पुण्याचं दुकान सांभाळलं. प्रत्येकाला आपला इलाखा, रोज एकमेकांच्या ताटात बघायची वेळ नाही. पु. ना. गाडगीळांची सराफी पेढी १८३२ ची, सांगलीची. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर १९५८ मध्ये आली. पुढे २०१२ च्या सुमारास तिचे दोन उद्योग झाले, दोघेही नावात ‘पीएनजी’ ठेवून. त्यातल्या एकाचे शेअर २०२४ मध्ये बाजारात आले. नाव न कापता दोघांना वापरू दिलं, बाकी सगळं वाटलं. ‘केसरी’ या पर्यटन कंपनीतून वीणा पाटील २०१३ मध्ये बाहेर पडल्या आणि ‘वीणा वर्ल्ड’ उभी राहिली. मराठी प्रवाशांना एकाऐवजी दोन कंपन्या मिळाल्या. फुटणं आणि बुडणं यांत किती अंतर असू शकतं, ते या दोन घराण्यांत दिसतं.

किर्लोस्करांचं उदाहरण या सगळ्यांच्या आड येतं, म्हणून ते टाळू नये. १८८८ मध्ये सायकलच्या दुकानापासून सुरू झालेल्या या घराण्याने २००९ मध्ये रीतसर कौटुंबिक करार केला. म्हणजे लिहून ठेवलं होतं. तरी कोणी कोणाच्या क्षेत्रात उतरायचं नाही या कलमाचा अर्थ काय, यावर भाऊबंद कोर्टात गेले आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. कागद पुरेसा नसतो. पण द्रोणागिरीच्या दुकानदाराने यातून ‘मग लिहून काय उपयोग’ असा निष्कर्ष काढू नये. त्यांच्याकडे भांडायला दहा कंपन्या होत्या आणि वकिलांना द्यायला पैसे होते. लहान धंदा कोर्टाची तिसरी तारीख पाहत नाही.

लहान धंद्याला मारतात ते फार साधे कागद. भागीदारी कायदा १९३२ चा. करारात वेगळं लिहिलं नसेल तर एक भागीदार गेला की भागीदारी संपते, आणि दोघांचीच असेल तर लिहिलेलं असूनही संपते. नोंदणी केली नसेल तर उधारी वसूल करायला त्या पेढीच्या नावाने दावा लावता येत नाही. एकट्याच्या नावाचा धंदा असेल तर मालक गेल्यावर बँकेत चालू खातं गोठतं. जीएसटी क्रमांक त्याच्या पॅनला बांधलेला, म्हणून वारसाला नवा घ्यावा लागतो. ट्रकच्या परमिटचं तर फार थोड्यांना ठाऊक असतं: परमिटधारकाच्या मृत्यूनंतर गाडी ज्याच्या ताब्यात येते त्याने तीस दिवसांत परिवहन अधिकाऱ्यांना कळवलं, तर तीन महिने त्याच परमिटवर गाडी चालवता येते. तेरावं होऊन पाहुणे परततात तेव्हा त्या तीस दिवसांतले पंधरा गेलेले असतात. वाटणीवरून भांडण असेल तर उरलेले पंधरा अर्जावर सही कोणाची यात जातात. गाडी उभी राहते, हप्ता मात्र चालू राहतो.

आता बंदराकडे. २०१६ पासून सीमाशुल्क विभागाने आयातीचा माल बंदरातून थेट आयातदाराकडे नेण्याची सवलत वाढवत नेली. त्याआधी कंटेनर भेंडखळ-द्रोणागिरीच्या यार्डांत येऊन पडायचे. त्यांच्या उचल-ठेवीवर, राखणीवर, दुरुस्तीवर, चहा-नाश्त्यावर आसपासची घरं जगत होती. वेळ वाचला, व्यापाराला बरं झालं, यार्डावर अवलंबून असलेल्यांचं काम आटलं. ज्यांचं गिऱ्हाईक एकच यार्ड होतं त्यांना तो धक्का बसला. ज्यांनी दोन ट्रेलर पुण्याच्या कारखान्यांना आणि एक भिवंडीच्या गोदामांना लावला होता ते तगले. हे सगळे सांगतात, पण करणं अवघड, कारण वाहतुकीत डिझेल रोख आणि भाडं उधार. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असं २००६ चा कायदा म्हणतो. आयकर कायद्यात २०२३-२४ या वर्षापासून त्याला दातही बसवले: वेळेत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी धरू दिला जात नाही. पण त्यासाठी आधी ‘उद्यम’ नोंदणी हवी, आणि मोठ्या गिऱ्हाइकाला कायदा दाखवायचं धाडस हवं. ज्याचं गिऱ्हाईक एकच, त्याला ते परवडत नाही.

मुलींचं काय, हा प्रश्न इथे शेवटी आला, कारण घरातही तो शेवटीच येतो. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबात मुलगी जन्माने समान हक्कदार झाली. वडील २००५ मध्ये हयात असोत वा नसोत, तो हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. त्यानंतर गावात वाढल्या त्या हक्कसोडपत्राच्या घाईच्या सह्या. धंद्याच्या अंगाने पाहिलं तर हा निव्वळ तोटा आहे. वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली मुलगी घरच्या ट्रेलरची ई-वे बिलं काढते, जीएसटीची विवरणपत्रं भरते, कोणाकडे किती थकलंय हे तिला तोंडपाठ असतं, आणि भागीदारीपत्रात नाव असतं ते तिच्या धाकट्या भावाचं. तारापूरच्या कारखान्यांनी घरातले पुरुष मोजून आपली वाढ थांबवली. इथे तीच चूक दुप्पट सोयीने होते. कोळी घरात बाईच्या हाती पैसा असतो ही काही पुरोगामी कल्पना नाही, बाजारात ती बसते म्हणून आलेला रोकडा व्यवहार आहे.

उरणच्या मच्छीमारांना एकदा कागदाचा दुसरा हिसका बसला आहे. बंदर आणि भरावामुळे मासेमारीचं जे नुकसान झालं त्याबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये देण्याचा आदेश दिला. मोजणीचं एकक कुटुंब. बोटीवर मात्र मोजणी वाट्याने होते: बोटीचा, जाळ्याचा, हाताचा, आणि मासळी विकणारीचा. वाट्यांचा हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालला, कधी अडला नाही. सरकारी यादीला मात्र तोंडी चालत नाही. आता पालघर किनाऱ्यावर वाढवण बंदराला २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आहे. सुमारे ७६ हजार कोटींचा प्रकल्प आहे आणि त्यातला ७४ टक्के हिस्सा उरणच्या बंदराच्या प्राधिकरणाचाच. मच्छीमारांचा विरोध चालू आहे. तो मोडीत निघाला आणि उद्या तिथे भरपाईच्या याद्या लागल्या, तर त्यात बोटमालकाचं नाव असेल. जाळं ज्याचं होतं, तांडेल जो होता आणि टोपली जिच्या डोक्यावर होती, त्यांची नावं असतील की नाही, हे आजच्या घडीला त्यांच्याकडे कोणते कागद आहेत यावर ठरेल.